एका गावात एकच

परदेशी भाषेच्या विभागप्रमुख बाईंनी नकाशावरची पिवळी टाचणी उपटली, पण ती दुसरीकडे खोचली नाही. हातातच धरून ठेवली.

"एका गावात आपला एकच विद्यार्थी, हा नियम मी केलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण नियम चांगला आहे. तिसऱ्या वर्षी मुलांनी त्या देशात जाऊन राहायचं ते तिथली भाषा अंगात मुरावी म्हणून. मागे दोन मैत्रिणींनी असाच एकत्र राहायचा हट्ट धरला होता. मी ऐकलं. वर्षभर एका खोलीत बसून त्या आपल्याच भाषेत भांडल्या आणि परत आल्या."

टेबलापलीकडे आई बसली होती. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. ते अर्धा दिवस बंद ठेवून ती आली होती, आणि कुणा गिऱ्हाइकाच्या कपड्याचा लाल दोरा तिच्या बाहीला चिकटलेला होता. तिच्या दोन बाजूंना तिच्या जुळ्या मुली. थोरली उजवीकडे, खुर्ची पुढे ओढून. धाकटी डावीकडे, जराशी मागे. दोघींचे कपडे एकाच ताग्यातले.

"मैत्रिणींचं वेगळं, मॅडम," आई म्हणाली. "या पोटात एकत्र राहिल्या. त्या मानानं गाव म्हणजे बरंच मोठं झालं की."

थोरली हसली. बाईंनाही हसू आलं.

"मोठीची मला काळजी नाही. तिला ओसाड माळावर सोडलं तरी ती चार माणसं गोळा करील. ही मात्र..." आईने मान न वळवता अंगठ्याने डावीकडे दाखवलं. "ही उपाशी राहील, पण मागून खाणार नाही. डॉक्टरकडे नेलं तरी हिचं कुठे दुखतंय ते मोठी सांगते."

"आणि बरोबर सांगते," थोरली म्हणाली.

"काय गं, खरं ना?" आईने धाकटीला विचारलं.

"खरंय," थोरलीने उत्तर दिलं.

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. निबंध उत्तम लिहायची. तोंडी परीक्षेत मात्र हो, नाही आणि आभारी आहे, एवढंच. पिवळी टाचणी तिची होती. डोंगरातलं एक लहान गाव, तिथल्या शाळेत मदतनीस म्हणून काम, आणि राहायला काचकारखान्यातल्या एका निवृत्त कामगाराचं घर. थोरलीची निळी टाचणी खाली समुद्रकाठी, बंदराच्या शहरावर होती.

"तुझं काय म्हणणं आहे?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"तिला चालेल, मॅडम," थोरली म्हणाली. "आमचं घरी बोलणं झालंय. बंदराच्या शहरात एकच खोली घेऊ. बाहेरचं सगळं मी बघीन, घरातलं ती."

"झालं तर मग!" आई म्हणाली.

दाराबाहेर बाकीची मुलं ताटकळत होती. बाईंनी हात टेकले. "ठीक आहे. पण मागाहून माझ्याकडे कुरकुर नको." त्यांनी पिवळी टाचणी निळीला खेटून खोचली. डोंगराच्या जागी एक बारीक भोक उरलं.

आईने पर्स उचलली. थोरली उठलीसुद्धा.

तेव्हा धाकटी बोलली. बाई शिकवत त्या भाषेत, टेबलाच्या कडेकडे बघत, आधी अडखळत आणि मग न थांबता. मॅडमनी टाचणी होती तिथे परत लावावी, ती म्हणाली. डोंगरातल्या गावात तिला एकटीला जायचंय. तिथे तिच्या वतीनं बोलणारं कुणी नसेल, आणि तिला तेच हवंय. भीती वाटते, खूप वाटते. पण बहिणीबरोबर गेली तर ती फक्त आणखी एका भाषेत गप्प राहील. हे आपल्या भाषेत बोलवत नाही, कारण आई शेजारी बसली आहे.

बाईंचा हात नकाशावरच राहिला. मुलं बोलताना मध्येच दुरुस्ती करायची त्यांना सवय होती. आता त्यांनी एकही चूक सुधारली नाही.

"अगंबाई!" आई कौतुकाने म्हणाली. "म्हणजे येतं की हिला! मला वाटायचं, हिच्या परीक्षासुद्धा मोठीच देते की काय." मग नेहमीसारखी ती थोरलीकडे वळली. "काय म्हणाली गं?"

थोरली उभीच होती. तिला शब्द न् शब्द कळला होता. तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिने मान वर केली नाही, की नको म्हणून हलवलीही नाही.

थोरलीने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"सांग की! मॅडमचे उपकार मानले ना?"

थोरलीच्या ओठांवर काहीतरी आलं. सहज खपलं असतं. आईला त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "तिला विचार."

आई मग धाकटीकडे वळायला गेली, तर खुर्चीचा हात मध्ये आला. एवढा वेळ ती उजवीकडेच तोंड करून बसली होती. ती उठली. पर्स टेबलावर ठेवली. खुर्ची जड होती, दोन्ही हातांनी ती फिरवावी लागली. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. मग ती धाकटीच्या समोर बसली.