शेळीची घंटा

वेद्रानने झाग्रेबला शेडमध्ये मित्रांबरोबर घडवलेली विजेची शर्यतगाडी आमच्या घाटात पहिल्यांदा पळणार होती. मी शेळीच्या गळ्यातली घंटा काढून त्याच्यापुढे धरली. “आई, जगात अशा आठच गाड्या होणार! लोक हसतील.” “हसू देत. तुझ्या बापाची गाडी घाटभर गुरगुरायची. त्या रविवारी तिसऱ्या वळणावर ती गप्प झाली आणि मला इथे सगळं कळलं. तुझी तर मुकीच. मी कान कशाकडे लावू?” घंटा त्याने मागे तारेने बांधली. गाडी गेली. अंगणातल्या चुलीवर कॉफीची जेझवा, लांब दांड्याचं भांडं, ठेवून मी न पेटवलेली काडी हातात धरून उभी राहिले. किणकिण दोन वळणं चढली आणि डोंगराआड विरली. मग तिसऱ्या वळणाच्या वरून पुन्हा आली. मी काडी ओढली. खुंट्याला बांधलेल्या शेळीने मान वर करून ओ दिली.