बाल्कनीतला रंग

किमोथेरपीने अंगात त्राण उरलं नव्हतं, तरी साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले काशीराम दिवसभर बाल्कनीचं दार लावून बसायचे. घरातला खायचा सोडा भराभर संपत होता. बायकोने, वनमालाने विचारलं की एकच उत्तर, "सोड्याच्या पाण्यात टायटॅनियम धातूला करंट देऊन रंग चढवतोय गं. टाइमपास."

आज तिने त्यांना रुमालात हिरव्यागार बांगड्या लपवताना पकडलंच.

"मला आजवर कधी एक बांगडी आणली नाहीत! ह्या कुठल्या सटवीसाठी?"

काशीरामांनी तिचा हात ओढला आणि बांगड्या चढवल्या. अगदी मापात बसल्या.

"मी गेल्यावर बायका फोडायला येतील ना, त्यांना सांग, ह्या फुटत नाहीत."