एवढी माती उघडी

गंगव्वानं कंदील खाली धरला आणि तिचं डोकं फिरलं. तळघरभर शहाबादी फरशी बसली होती. चुन्याच्या सांधी अजून ओल्या होत्या. फक्त मागच्या भिंतीपाशी एक पट्टी तशीच सोडलेली. उघडी माती.

"एवढी कामून सोडलीस, विरू? अप्पाचा चिक्कूपणा वाटणीत घेतलास व्हय?"

धाकटा भाऊ विरुपाक्ष चुन्याची रिकामी पाटी बाजूला सारू लागला. फरशी कमी पडली म्हणावं, तर जिन्याशी चार दगड उरले होते.

मग ती थांबली नाही. चुन्याचे आणि गवंड्याचे पैसे तिनं पाटल्या मोडून दिले होते. हातभर माती उघडी राहिली तरी ओल तिथूनच चढणार आणि तूर पुन्हा बुरसणार. आळंदच्या बाजारात जन्म काढलेल्या तूरवाल्याच्या पोराला हे सांगावं लागतं, असं ती म्हणाली.

फरशी नवी नव्हतीच. पोलीस ॲक्शनच्या आधी अप्पांनीच ती गाड्या भरून आणली होती. नंतर मात्र एक दगड खाली नेऊ दिला नाही. चुना महागला, म्हणायचे. पुढं दर पावसाळ्यात अव्वा ओली तूर पाट्यांनी वर वाहायची, वाळवायची, पुन्हा खाली न्यायची. त्यातच ती खंगून गेली. अप्पा तेवढे दर गुरुवारी तळघरात ऊद जाळून यायचे. किड्यासाठी, म्हणायचे. महिन्यामागं त्यांना रीतीप्रमाणं खड्ड्यात बसवून, हातावर लिंग ठेवून माती दिली. तेव्हा गंगव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

हे सगळं ती आज बोलली. बापानं चुना वाचवला आणि आई घालवली, हेही बोलली. मग उरलेला दगड उचलायला वाकली.

विरुपाक्षानं दगडावर पाय ठेवला.

"अप्पा तयार होते, अक्का. अव्वानंच बसवू दिली न्हाई. बोल तेवढा अप्पानं आपल्यावर घेतला."

तिनं वाकूनच मान वर केली.

"पोलीस ॲक्शन झाली, तू सासरी होतीस तवा. शेजारची खाजाबी लेकरं घिऊन हितं लपली होती. भाईर माणसं तलवारी घिऊन हिंडायलते. तिच्या धाकट्याला ताप होता."

बोलता बोलता त्याची नजर त्या उघड्या पट्टीवर गेली.

गंगव्वानं दगड सोडला. कंदील मातीजवळ नेला. आपल्यात मेलेल्याला बसवतात. खड्डा चौकोनी असतो. ही जागा लांब होती, अरुंद होती. एक लेकरू कुशीवर निजेल, एवढीच.