कढत पाणी

सासूबाईंनी बजावलं होतं, "विणून झालं की जाळं कढत पाण्यातून काढ, गाठी घट्ट बसतात. उकळू मात्र नको, प्लास्टिकच्या धाग्याचा जीव जातो." मी जाळं हंड्यात रटरटत ठेवून मालिका बघत बसले.

पहिल्याच खेपेला जाळं फाटलं. सगळी मासळी समुद्रात परत गेली. किनाऱ्यावर नवऱ्याने धागा ओढला, तो बोटांतच तुटला. "कुणी उकळलं हे?"

मी मासळीच्या रिकाम्या पाटीवर वाकले. तिच्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.

"मीच रे," सासूबाई म्हणाल्या. "सुती जाळी उकळून पक्की करायचो, ती सवय जात नाही."

"आये, तुझंच डोकं शिजलंय!" तो खेकसला.

त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "कंबर दुखेल पोरी, सरळ उभी राहा."

मला राहता येईना.