पिठावरची रेघ

भागीरथाबाई गेल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांनी जीव सोडला त्या जागी पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. जीव पुढे कोणत्या जन्माला गेला, ते पिठावरच्या खुणेवरून कळतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली, तर पिठात अळी सरपटत गेल्यासारखी बारीक रेघ होती.

त्या दिवसापासून त्यांच्या नवऱ्यानं, वारलूभाऊंनी, घरामागच्या सांदवाडीत कोणालाच अळी मारू दिली नाही. भागीरथाबाई स्वतः जन्मभर वांग्यांवरच्या अळ्या वेचून राकेलात बुडवत आल्या होत्या, ते आठवून तर ते जास्तच घाबरायचे. बघता बघता वांगी पोखरली गेली, वालाच्या पानांची चाळणी झाली.

"मामाजी, वाडी घरची अन् भाजी बाजारची! अळीले कोणी सासू म्हनते का?" सून ललिता एक दिवस भडकलीच.

"थोडा दम धर, बाई," वारलूभाऊ म्हणाले. "तिले पोटभर खाऊ दे."

ते वडशाच्या बाजाराला गेले, तशी ललितानं शेजारचा पंप आणून सगळ्या वाडीवर औषध मारलं. अळ्या टपटप खाली पडल्या. तिला बरं वाटलं. हात धुताना तिची नजर कुंपणावर गेली. तिथला कारल्याचा वेल तेवढा हिरवागार होता. त्याच्या एकाही पानाला भोक नव्हतं.



सासूनं उभ्या जन्मात कारलं कधी तोंडाला लावलं नव्हतं.