चौथं चाक

ताईनं वाकून रोबोटखाली पाहिलं. चौथ्या चाकाचा गिअर आजही बाहेरच्या बाजूला होता. काल संध्याकाळी तिनं स्वतः तो आत वळवला होता, आणि खोलीची किल्ली तिच्याकडेच होती.

या रोबोटची चारही चाकं पळतात तशी जागच्या जागी वळतातही. सामन्याआधी सरळ पट्टी लावून ती एका रेषेत आणायची आणि सगळ्यांचे गिअर आतल्या बाजूला ठेवायचे. एखादा बाहेर राहिला, तर चाक दिसतं सरळ पण पळतं उलटं. ही चूक नेहमी एकच माणूस करायचा, ताईचा धाकटा भाऊ. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, म्हणून सगळे त्याला घाईराव म्हणत. पण चौथं चाक त्यानंच घडवलं होतं. ताईनं केलेल्या तीन चाकांच्या गिअरचे दात झिजून बदलावे लागले. याचा एकही दात हलला नव्हता. चाक टिकलं, घडवणारा भाऊच गेला.

आज अंतिम सामना होता. चौथं चाक काढ, असं संघाचे सर परवापासून सांगत होते. आज ते तिच्या शेजारी येऊन बसले.

"दुःख आपल्या जागी, रोबोट आपल्या जागी. काढ, बाळा."

तिनं स्क्रू सोडवले. त्याचं कपाट रिकामं करताना आलं नव्हतं ते रडू आता आलं. चाक फडक्यात गुंडाळून तिनं मागच्या भिंतीशी, त्याच्या स्टुलावर ठेवलं. नवं चाक बसवलं. चारही गिअर आत असल्याचं सरांनी स्वतः वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं.

मग तिनं रिमोट हातात घेतला आणि त्यावरची चालवायची काडी पुढे ढकलली.

रोबोट मागे निघाला. वेडावाकडा नाही, अगदी सरळ, शहाण्या मुलासारखा. भिंतीपाशी गेला आणि स्टुलापासून वीतभर अंतरावर थांबला.

सर गुडघ्यांवर बसले आणि खाली डोकावले.

"चारही बाहेर आहेत," ते हळूच म्हणाले. "बरं झालं, वेळेवर थांबवलास."

"मी नाही थांबवला, सर."

तिच्या अंगठ्यानं काडी अजून पुढेच दाबून धरली होती.