ओट्यावरचा कार्बोरेटर

लेकीची पाठवणी संस्थानिकाच्या मोटारीतून व्हावी, म्हणून ब्राह्मणपुरीच्या चुनीलालभाईंनी ती जुनी परदेशी गाडी विकत घेतली होती. नेमकी लग्नादिवशी ती धापा टाकू लागली.

लोटन मिस्तरीने गाडी बंद केली, कार्बोरेटर काढून ओट्यावर आणला, रॉकेलने धुतला आणि त्याचा पेट्रोलचा स्क्रू जरासा फिरवला. अंगणात इंजिन घुरघुरलं. आणखी फिरवला, तसा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. बॉनेटवर काठोकाठ भरून ठेवलेल्या लोट्यातलं पाणी हलेना. लोटन खूश झाला. मग त्याने हातात पाहिलं.

"मिस्तरी, झकास चाली ऱ्हायनी! पोर बसनी, आते हात लावू नको," चुनीलालभाई ओरडले.

"भाऊ, कार्बोरेटर मन्हा हातमा शे!"

"ऱ्हाऊ दे. त्याना बिगरच तिले बरं वाटी ऱ्हायनं!"

वऱ्हाडी हसले. मोटार नवरीला घेऊन डौलात निघाली. खोटं कशाला सांगा, लोटनलाही समाधान वाटलं. काम चोख झालं होतं.

मोटारीच्या वाटेवर पुढे घाटाचा चढ होता. चढाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून त्याने ओट्यावरूनच हातातल्या कार्बोरेटरचा स्क्रू सैल करायला बोटं लावली.

स्क्रू आधीच फिरत होता. कुणीतरी तो सावकाश आवळत होतं.